फोनवरून दारू कमी करता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दारूविषयी फोनवर समुपदेशन करते. समोरचा माणूस मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. तरी पहिल्या पाच मिनिटांत ठरावीक प्रश्न येतातच. कोणी ते थेट विचारतं, कोणी आडून. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

मी काही बेवडा नाही. मग हे माझ्यासाठी कशाला?

तुम्ही बेवडा नाही, म्हणूनच हे तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे पिणाऱ्या माणसासाठी दोनच खाती असतात. एक, ‘कधीमधी घेतो, पण माणूस चांगला आहे’. दुसरं, ‘बेवडा’. या दोन खात्यांच्या मध्ये फार मोठं मैदान आहे आणि बहुतेक पिणारे तिथेच उभे असतात. कामावर जातात, हप्ते भरतात, मुलांच्या पालकसभेला हजर असतात. पण शनिवारचं बसणं आता शुक्रवारपासून सुरू होतं, रक्तदाबाची गोळी लागलेली असते आणि ‘किती घेतली’ याचं उत्तर बायकोला एक आणि मित्रांना दुसरं दिलं जातं.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने देशभर सर्वेक्षण केलं होतं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, असं त्यात आढळलं. दारूवर पूर्ण अवलंबून असलेले २.७ टक्के होते. त्यांच्याशिवाय आणखी २.५ टक्के असे होते की अजून अवलंबून नाहीत, पण पिण्यामुळे नुकसान सुरू झालेलं आहे. या दुसऱ्या गटाकडे कुणाचंच लक्ष नसतं. व्यसनमुक्ती केंद्राला ते ‘इतके वाईट’ वाटत नाहीत आणि घरच्यांना ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं. फोनवरचं छोटं समुपदेशन मुख्यतः यांच्यासाठी आहे.

छोटं समुपदेशन म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर मंडळी याला ‘ब्रीफ इंटरव्हेन्शन’ म्हणतात. पाच मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंतचं बोलणं, एकदा किंवा तीन-चार वेळा. भरती व्हायचं नाही, गोळ्या नाहीत, शपथ नाही. तुम्ही किती पिता ते आधी नीट मोजायचं. त्याचा तुमच्या शरीराशी, पैशाशी, घराशी काय संबंध लागतो ते तुमच्याच तोंडून ऐकायचं. मग काय बदलायचं हे तुम्ही ठरवायचं आणि आठवड्याने त्याचं काय झालं ते पुन्हा बोलायचं. हे समोर बसून न करता फोन, व्हिडिओ कॉल, मेसेज किंवा ॲपवरून केलं की झालं दुरून दिलेलं समुपदेशन.

लंडनमध्ये १९७७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूचा त्रास असलेल्या शंभर विवाहित पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभराचे सगळे उपचार दिले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला पत्नीसह बसवून एकदाच, मोकळेपणाने सल्ला दिला. वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. म्हणून मोठ्या उपचारांची गरजच नाही, असा अर्थ मी काढणार नाही. काहींना त्यांची गरज असतेच आणि त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण एका नीट केलेल्या संभाषणात ताकद असते, हे तेव्हापासून गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं.

नुसत्या बोलण्याने दारू कमी होते? खरंच?

होते. किती होते, तेही सरळ सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण आधी. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पिण्यामुळे नुकसान होत असलेले ३७७ पुरुष त्यात होते. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली गावातली, शहरातली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १८ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. हा अभ्यास समोरासमोर भेटून झाला होता, फोनवर नव्हे. त्यानंतर याच गटाने गोव्यात मोबाइलवरून द्यायच्या समुपदेशनावर काम केलं.

आता दुरून दिलेल्या मदतीबद्दल. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेने २०१७ मध्ये संगणक आणि मोबाइलवरून दिलेल्या अशा मदतीचे ५७ अभ्यास तपासले. ज्यांना ही मदत मिळाली ते, न मिळालेल्यांपेक्षा, आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम अल्कोहोल कमी पीत होते. आपल्या मापात सांगायचं तर तीस मिलीचे दोन पेग आणि वर थोडी. ऐकायला कमी वाटतं, मला कल्पना आहे. पण ही सरासरी आहे. काहींनी काहीच बदललं नाही, काहींनी निम्म्यावर आणली. आणि ज्या थोड्या अभ्यासांत मोबाइलवरची मदत आणि समोरासमोरची मदत यांची तुलना केली होती, त्यांत दोन्हींत फरक जवळजवळ नव्हता. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. कारण समोरासमोर यायला बहुतेक लोक तयारच नसतात.

तयार का नसतात?

व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढताना कोणी पाहिलं तर काय, म्हणून. तालुक्याच्या गावात दवाखान्याबाहेर लावलेली दुचाकीसुद्धा लोक ओळखतात. ‘एम्स’च्या त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना अंतर आडवं येतं, रोजंदारी बुडणं आडवं येतं. पण सगळ्यात जास्त आडवी येते ती लाज. फोनला पायरी नसते.

माझं पिणं जास्त आहे की नाही, ते कसं ओळखायचं?

आधी माप शिकूया, कारण ‘दोनच घेतो’ या वाक्यात दोन काय, हेच कुणी सांगत नाही.

भारतात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तिचा तीस मिलीचा छोटा पेग म्हणजे एक माप. नव्वदी म्हणजे तीन. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, भरते सहा. साडेसातशेचा खंबा पंचविसाच्या आसपास जातो. बिअर ‘हलकी’ असते हा मोठा गैरसमज आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार मापं भरते, म्हणजे नव्वदीपेक्षा जास्त. पाच टक्क्यांची असेल तर अडीच. देशी, फेणी, उर्राक, वाइन यांचं माप स्वतः काढता येतं: मिलीला लेबलवरच्या टक्क्यांनी गुणा, त्याला ०.८ ने गुणा, मग हजाराने भागा. हातभट्टीचं माप कोणालाच काढता येत नाही, कारण त्यात काय आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

आता तीन प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करवून घेतलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, त्यातले हे पहिले तीन.

किती वेळा पिता? कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यातून दोन ते चार वेळा २, आठवड्यातून दोन-तीनदा ३, आठवड्यातून चार वेळा किंवा जास्त ४.

ज्या दिवशी पिता त्या दिवशी साधारण किती मापं होतात? एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४.

एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं कितीदा होतात? कधीच नाही ०, महिन्यातून एकदापेक्षा कमी १, दर महिन्याला २, दर आठवड्याला ३, जवळजवळ रोज ४.

या तिसऱ्या प्रश्नातलं सहा म्हणजे आपली एक क्वार्टर. जगभर ज्याला ‘एका बैठकीत अति’ म्हणतात, ते आपल्याकडे ‘एक क्वार्टर तर घेतली’ म्हणून सोडून दिलं जातं. दर शनिवारी इमानेइतबारे एकच क्वार्टर घेणाऱ्या माणसाचे या तीन प्रश्नांत ७ गुण होतात. उरलेले सात प्रश्न थांबता न येणं, सकाळी उतारा म्हणून पुन्हा दारू लागणं, रात्रीचं न आठवणं, पिण्यामुळे झालेली दुखापत, पिण्याबद्दल कोणी काळजी व्यक्त करणं, अशा गोष्टींचे आहेत. दहा प्रश्नांचे मिळून कमाल ४० गुण. ८ पासून पुढे धोका धरतात. १६ ते १९ म्हणजे नुकसान होत आहे असं समजतात. २० किंवा जास्त असतील तर नुसतं छोटं समुपदेशन पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं.

मी दरवर्षी पूर्ण श्रावण पाळतो. म्हणजे मला व्यसन नाही ना?

हा प्रश्न आषाढ संपत आला की हमखास येतो. महिनाभर न घेता तुम्हाला काही त्रास होत नसेल, म्हणजे हात थरथरत नसतील, झोप येत असेल, तर शरीर दारूवर पूर्ण अवलंबून नाही असा कयास बांधता येतो. चांगलीच गोष्ट आहे ती. पण मला दोन गोष्टी विचारायच्या असतात. गटारीला किती झाली? आणि श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात किती झाली? वर्षातले अकरा महिने काय होतं यावर यकृताचा हिशोब चालतो.

तरीही श्रावण पाळणाऱ्यांबद्दल मला फार आशा वाटते. महिनाभर मित्रांना ‘नको’ म्हणायचं कसं, संध्याकाळ घालवायची कशी, हे त्यांना आधीच येतं. कुणी विचारत नाही, कुणी चिडवत नाही, कारण श्रावण म्हटलं की सगळे ऐकतात. समुपदेशनात आम्ही हेच कौशल्य उरलेल्या महिन्यांत कसं वापरायचं ते शोधतो. माळ घातलेल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही, तसंच काहीसं स्वतःचं कारण तयार करायचं.

फोनवर नेमकं काय बोलता? उपदेश करता का?

उपदेश तुम्हाला घरी फुकट मिळतोच. त्याने काय होतं तेही तुम्ही पाहिलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये बोलण्याची एक पद्धत मांडली. तिचं सार असं की बदलायची कारणं माणसाने स्वतःच्या तोंडून उच्चारली तर तो बदलतो. दुसऱ्याने सांगितली तर तो बचाव करत बसतो. एक नमुना लिहिते. कुणा एकाचा संवाद नाही, अनेकांचा मिळून झाला आहे.

‘दादा, शनिवारच्या बसण्यात तुम्हाला आवडतं काय?’
‘मित्र भेटतात. आठवडाभराचं डोक्यातलं जातं.’
‘बरोबर. आणि नको वाटतं असं काही?’
‘रविवारी सकाळी मुलीला पोहायला न्यायचं असतं. उठवतच नाही. मग ती तोंड फिरवते.’
‘तिचं ते लागतं तुम्हाला.’
‘लागतंच ना. वर्षभर लागतंय.’
‘शून्य ते दहामध्ये सांगायचं, तर पिणं कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’
‘सहा.’
‘सहा का? तीन का नाही?’

या शेवटच्या प्रश्नावर फोनवर बराच वेळ शांतता असते. मग माणूस स्वतःच कारणं सांगू लागतो. मी ‘दहा का नाही’ असं विचारलं असतं तर त्याने न बदलण्याची कारणं सांगितली असती. एवढ्याशा फरकावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

नंतरचं बोलणं फार व्यवहारी असतं. शनिवारी किती वाजता निघता, रिकाम्या पोटी जाता का, गाडी कोण चालवतं, बिल कोण भरतं. निघण्याआधी घरी भाकरी खाऊन निघायचं, पहिला तास पाणी किंवा सोडा घ्यायचा, क्वार्टर मागवायची नाही, छोटा पेग मागवायचा, अशा बारीक गोष्टी ठरतात. ‘एकच घे रे, आमच्यासाठी’ याला काय उत्तर द्यायचं ते फोनवर दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघतो. ‘आज नको रे, सकाळी लेकीला घेऊन जायचंय’ हे वाक्य तोंडात बसलं की ऐन वेळी शब्द शोधावे लागत नाहीत.

पूर्ण सोडायची की कमी केली तरी चालेल?

बहुतेकांना हा प्रश्न विचारताना भीती वाटत असते की मी ‘पूर्ण सोडा’ म्हणेन आणि ते फोन ठेवतील. वैद्यकीय उत्तर असं: दारूची कुठलीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि कर्करोगाशी तिचा संबंध त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. म्हणजे जितकी कमी, तितकं बरं. तुम्ही मधल्या मैदानात असाल तर कमी करण्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. कमी करण्याचा प्रयत्न पुन:पुन्हा फसत असेल तर पूर्ण सोडणं सोपं जातं, असं अनेक जण स्वतःच सांगतात.

काहींच्या बाबतीत मात्र ‘कमी’ हा पर्यायच नाही. गरोदर बाई, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार झालेला माणूस, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारा, आणि आधी एकदा अवलंबून होऊन सुटलेला.

मी रोज पितो. उद्यापासून एकदम बंद करतो, चालेल?

हा भाग सावकाश वाचा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

रोज, बऱ्याच वर्षांपासून, जास्त पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जीव धोक्यात येऊ शकतो. सकाळी उतारा घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नसेल तर तुम्ही या गटात आहात. शेवटच्या पेगनंतर काही तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जण भ्रमात जातात: भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋषाकडे नेतात. त्यात मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय तातडी आहे. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून काही होत नाही. रुग्णालयात थरथर आणि फिट रोखणारी औषधं देतात, त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दारू सोडण्याचा हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण आठवडाभरात पार पडतो.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. तेव्हा अनेक घरांनी हे पहिल्यांदा पाहिलं. ‘बरं झालं, आता सुटेल’ असं म्हणणारी माणसं तिसऱ्या दिवशी रुग्णवाहिका शोधत होती. म्हणून पहिल्या फोनवर मी प्रत्येकाला हातांबद्दल आणि सकाळच्या उताऱ्याबद्दल विचारते. उत्तर ‘हो’ असेल तर माझं काम तुम्हाला डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचं. समुपदेशन नंतर, तब्येत स्थिर झाल्यावर.

घरी सगळे असतात. फोनवर बोलणार कसं?

दोन खोल्यांच्या घरात ही खरी अडचण आहे. लोकांनी मार्ग काढलेत. कोणी गच्चीवर जातं, कोणी कामावरून सुटल्यावर एसटी स्टँडच्या बाकावर बसून बोलतं, कोणी उभ्या रिक्षात. बोलता येत नसेल तर मला सुरुवातीलाच सांगा, मी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारीन. फोन घरातल्या सगळ्यांचा असेल तर मेसेज पाठवू नका असं सांगा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता येणारा ‘आज किती ठरवलीय?’ हा मेसेज एकाला आधार असतो, दुसऱ्याच्या घरात त्याने भांडण पेटतं.

पिऊन फोन करू नका. केलात तर मी रागावणार नाही, पण त्या वेळी कामाचं बोलणं होत नाही. तुम्ही सुरक्षित आहात ना एवढं बघून दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवते.

माझं नाव कुठे जाईल? नोकरीवर कळेल?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूशी संबंधित मानसिक त्रासाचाही समावेश आहे आणि उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिला आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तर अपवाद होतो. बहुतेक हेल्पलाइनवर खरं नाव सांगायची सक्तीही नसते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो नसला तर अडचण होईल का, असंही काही जण विचारतात. समुपदेशक परवाना विचारत नाहीत.

ॲप वापरणार असाल तर थोडं जपून. संपर्क यादी, ठिकाण, फोटो यांची परवानगी मागणारं ॲप पेग मोजण्यासाठी कशाला हवंय, हा प्रश्न स्वतःला विचारा. साधी वही जास्त विश्वासू असते.

नवऱ्याला न सांगता जेवणात घालायचं औषध मिळतं म्हणे. देऊ का?

ताई, कृपा करून देऊ नका. भिंतींवर आणि मोबाइलवर ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्या पुड्यांत काय असतं ते लिहिलेलं नसतं. कधी कधी डायसल्फिराम नावाच्या गोळीची पूड गुपचूप दिली जाते. ही गोळी खरी आहे, डॉक्टर ती वापरतातही, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून. कारण ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. शिवाय कधी ना कधी त्याला कळतं आणि मग घरच्या जेवणावरचा विश्वास उडतो.

तुम्ही स्वतः फोन करू शकता, त्याने केला नाही तरी. तो शुद्धीत असताना कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत बोलायचं, त्याने केलेल्या नुकसानीवर पांघरूण घालणं कधी थांबवायचं, हे आपण दोघी मिळून ठरवू शकतो. आणि तो मारत असेल, तर त्यावर दारू कमी होण्याची वाट बघणं हा इलाज नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

बायकाही फोन करतात का?

करतात, आणि बहुतेकींनी याआधी कुणालाही सांगितलेलं नसतं. ‘एम्स’च्या त्या सर्वेक्षणात पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १.६ टक्के होतं, पुरुषांचं २७.३. प्रमाण कमी, म्हणून लाज जास्त. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगने रक्तातली दारू जास्त चढते, यकृताला इजाही लवकर होते. बाईला फोन का सोयीचा पडतो, हे वेगळं सांगायला नको.

दोन आठवडे जमलं आणि मग लग्नात सगळं मुसळ केरात. आता?

आता पुन्हा फोन. शपथ मोडली की माणूस ‘मोडलीच आहे तर’ म्हणून पुढचे चार दिवस पितो, हे मी फार वेळा ऐकलं आहे. म्हणूनच मी शपथ घ्यायला लावत नाही, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तर नाहीच. मुलाच्या डोक्यावर ते ओझं कशाला? लग्नात काय झालं ते क्रमाने सांगा: कुणी ग्लास दिला, तेव्हा पोटात काय होतं, पहिल्यानंतर दुसरा कसा आला. त्यातूनच पुढच्या लग्नाची तयारी होते. तीन-चार फोन होऊनही आकडा हलत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ओढ कमी करणारी औषधं असतात. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या मराठीतल्या सभा आहेत.

फोन कुठे करायचा?

१४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू केली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. जीव नकोसा वाटत असेल तरी १४४१६ लाच करा, आणि तो विचार पहिल्याच वाक्यात सांगा.

आज फोन करायचा धीर होत नाही. तोवर काय करू?

घरात भिंतीवर दिनदर्शिका असेल. दुधाचे खाडे जसे मांडता तसंच मांडायचं. ज्या दिवशी प्यायलात त्या चौकटीत मापांचा आकडा, न प्यायलात तर खाडा. कुणाला कळायला नको असेल तर नुसते ठिपके द्या. काहीही कमी करू नका, फक्त लिहा. लिहायला लागल्यावर अनेकांचं पिणं आपोआप थोडं उतरतं, ते उतरलं तरी लिहा आणि चढलं तरी लिहा. मध्ये दोन दिवस राहून गेलं तर अंदाजाने भरू नका, रिकामं ठेवा.

सात दिवसांनी बेरीज करा आणि ती समोर ठेवून फोन लावा. ‘आठवड्याला किती होते?’ हाच पहिला प्रश्न असेल.